सात मीटरच्या मूर्तीचं विसर्जन

शिवांजलीची पिशवी जीपच्या टपावर चढवायला तीन माणसं लागली आणि सल्ले द्यायला सगळी गल्ली. एवढ्या लांबीची वस्तू बांधून कुणाच्या दारातून निघाली, की परळीत लोक आधी हात जोडतात आणि मग चौकशी करतात. शेजारच्या साखराबाईंनीही तेच केलं. हात जोडले, घरातली माणसं मोजली, संख्या बरोबर भरली तेव्हा कुठे विचारलं, "बसम्मा, काय हाय गं ह्याच्यात?"

"पतंग."

"एवढा?"

"पाण्यावर उडवायचा असतो."

साखराबाईंनी थोडा विचार केला. "मग भिजत न्हाई का?"

हा प्रश्न बसम्मालाही पडला होता. पण ती सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. उत्तर येत नसलं की विचारणाऱ्याकडे कसं रोखून बघायचं, हे तिला चांगलं येत होतं. तिनं बघितलं. साखराबाई घरात गेल्या आणि ओव्याची पुडी, कानाला बांधायला मफलर आणि हळदीची डबी घेऊन परत आल्या.

"वारं लई सुटलंय. लागलं-बिगलं तर हळद दाबायची," त्या म्हणाल्या. "पतंगाला न्हाई. माणसाला."

शिवांजली ही बसम्माच्या थोरल्या भावाची, वैजिनाथअप्पांची नात. चेन्नईला नोकरीला होती आणि सलग सुट्टी मिळाली की तुतिकोरिनच्या समुद्रावर जाऊन हा खेळ शिकली होती. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला वर आभाळात पतंग. वारं पतंगाला ओढतं, पतंग माणसाला ओढतो, आणि माणूस पाण्यावरून पळतो. हे तिनं घरात चारदा समजावून सांगितलं. चारही वेळा वैजिनाथअप्पा म्हणाले, "ते समजलं. पण काटायचं कुणाला?"

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला होता, त्यामुळे यंदा आषाढ लागला तरी तलावांत पाणी होतं. पाऊस मात्र दडी मारून बसला होता आणि नुसतं वारं सुटलं होतं. शिवांजली बीडहून बसने येताना खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या बघत आली आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "आबा, एवढं वारं फुकट चाललंय!"

फुकट चाललेली कुठलीही गोष्ट वैजिनाथअप्पांना बघवत नसे. त्यातून विषय पतंगाचा. एके काळी त्यांच्या गल्लीत पतंग म्हटलं की वैजिनाथ हे एकच नाव होतं. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि ऐकणाऱ्यांपैकी त्या काळातलं कुणी उरलं नसल्यामुळे खोडून कुणी काढत नसे. बसम्मा उरली होती, पण तिला कुणी विचारत नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की बसम्मानं जन्मात पतंग उडवला नव्हता. पतंगाशी संबंध मात्र दांडगा होता. ओळीनं दहा संक्रांती ती अण्णाच्या, म्हणजे ह्याच वैजिनाथच्या, मागे चकरी धरून उभी राहिली होती. दोरा भावाच्या हातात, दोऱ्याची चकरी बहिणीच्या हातात. भाऊ आभाळाकडे बघणार, बहीण भावाच्या पाठीकडे. तेव्हा परळीत थर्मलचं वीजकेंद्र नव्हतं, गच्चीवर राख पडत नव्हती, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं असायचं. पण ते सगळं आभाळ तिला अण्णाच्या सदऱ्याच्या ठिगळामागूनच दिसलं होतं. अण्णा ओरडायचा, "बसे, ढील दे!" की ती चकरी सैल सोडायची. "गुंडाळ!" म्हणाला की गुंडाळायची. आठ वर्षांची असताना तिनं एकदाच दोरा मागितला होता. "मोठी झालीस की देतो," अण्णा म्हणाला होता. अण्णा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पुढे ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, शाळा झाली, लेकरं झाली, निवृत्ती झाली. दोरा मिळाला नाही. अण्णा विसरला. चकरी धरणारं माणूस विसरत नाही. त्याला दुसरं काम काय असतं?

म्हणून कपिलधारला दर्शनाला जायचं आणि येताना तलावावर थांबायचं असं ठरलं, तेव्हा जीपमध्ये सगळ्यांच्या आधी बसम्मा जाऊन बसली. ह्या वेळी दोरा घ्यायचा, हे तिनं मनात पक्कं केलं होतं. कुणाला बोलली मात्र नाही.

*

कपिलधारचं दर्शन निवांत झालं. धबधब्याच्या उरलेल्या बारीक धारेचे तुषार अंगावर घेऊन, प्रसाद खाऊन मंडळी निघाली, आणि तासाभरात ड्रायव्हर उत्तरेश्वरनं जीप एका तलावाच्या बांधावर आणून उभी केली. एका बाजूला पाणी, पलीकडे टेकडी, टेकडीवर ओळीनं तीन पवनचक्क्या. वारं असं होतं, की जीपचं दार उघडलं ते उत्तरेश्वरच्या हातातून सुटून मागे आपटलं.

"लई दमदार!" वैजिनाथअप्पा टोपी दाबून धरत म्हणाले.

बांधावर पाटबंधाऱ्याची एका खोलीची चौकी होती. तिथे विठ्ठलराव नावाचे बाबू टेबलावरचे कागद दोन्ही कोपरांनी दाबून बसले होते.

"काय काम हाय?"

"पतंग उडवायचाय," वैजिनाथअप्पा म्हणाले.

विठ्ठलरावांनी चष्म्यावरून त्यांची पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि एक्काहत्तर वर्षं न्याहाळली. "त्याला तलाव कावून लागतो? घराला गच्ची न्हाई का?"

शिवांजलीनं पाचव्यांदा सगळं समजावून सांगितलं. विठ्ठलरावांनी शांतपणे ऐकलं आणि रजिस्टर उघडलं. "परवानगी दिली असती. पण टाकू कशात? रकाने बघा. मासेमारी. गाळ उपसा. मोटार बसवणे. मूर्ती विसर्जन. आणि इतर."

"इतरमध्ये टाका की," शिवांजली म्हणाली.

"इतरला मोठ्या सायबाची सही लागती. सायब रजेवर हायेत. तुमचा पतंग पाण्यात मासे धरतो का?"

"नाही."

"गाळ काढतो?"

"नाही हो."

"पाण्यात पडतो?"

"पडतो कधी कधी."

"मग विसर्जनच." विठ्ठलरावांचा चेहरा उजळला. "मूर्ती किती?"

"दोन पतंग आहेत. एक मोठा, एक लहान शिकायचा."

"मूर्ती दोन," त्यांनी लिहिलं. "उंची?"

"मोठा सात मीटरचा."

विठ्ठलरावांचं पेन थांबलं. "सात मीटर म्हंजी तेवीस फूट! ताई, एवढी मूर्ती बीडच्या मंडळाची बी नसती."

"ती उंची नाही, कापडाचं माप आहे."

"कापडाची हाय का? मग हरकत न्हाई. आमाला प्लास्टरची चालत न्हाई." त्यांनी खूष होऊन 'पर्यावरणपूरक' असं लिहिलं. "मंडळाचं नाव?"

शिवांजली काही बोलायच्या आत वैजिनाथअप्पा पुढे सरकले. "श्री वैद्यनाथ पतंग मंडळ, परळी. अध्यक्ष, वैजिनाथ शिवलिंगप्पा."

मंडळ स्थापन होऊन अध्यक्षांची निवड व्हायला इतका कमी वेळ बीड जिल्ह्यात पूर्वी कधी लागला नसेल.

"सचिव?"

"बसम्मा लिहा. आमची भईण. सामान सांभाळती."

सचिवांनी मुकाट्यानं सही केली. अक्षर मोत्यासारखं आलं, पण दाब इतका होता की खालच्या तीन पानांवर उमटलं.

"पाच वाजता मी पाहणीला येणार," विठ्ठलराव पावती फाडत म्हणाले. "विसर्जन झालेलं दिसलं पायजे. त्याबिगर नोंद बंद होत न्हाई. आणि बंद करताना सही अध्यक्षाचीच लागती."

*

मोठा पतंग काठावर अंथरून त्यात हवा भरेपर्यंत बघे जमले. म्हणजे कडूबाई नावाची एक वयस्कर बाई आणि तिच्या चौदा शेळ्या. कडूबाई काठी टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "कशाचा तंबू हाय?"

"पतंग हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

"हं," कडूबाई म्हणाली. तिनं आयुष्यात बरंच काही ऐकून घेतलं असावं.

शिवांजलीनं उत्तरेश्वरला पतंग उभा धरून ठेवायला सांगितलं. "मी लांब जाऊन पट्टा अडकवते. तयार झाले की अंगठा दाखवीन. मग सोडायचा." वाऱ्यात उत्तरेश्वरला 'अंगठा दाखवीन' एवढंच ऐकू आलं.

शिवांजली पाण्यात गुडघाभर उतरली, दोऱ्या ताणल्या आणि अंगठा दाखवला. उत्तरेश्वरनं पतंग आणखी घट्ट धरला. तिनं पुन्हा अंगठा दाखवला, हात उंच करून. उत्तरेश्वर पतंगाला मिठी मारून बसला. मग तिनं दोन्ही अंगठे दाखवले, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"सोड की बे!" वैजिनाथअप्पा ओरडले.

"कसं सोडू, अप्पा? ताई अंगठा दाखवायली! न्हाई म्हनायली ती! वर दोन दोन दाखवायली! मी काय वाईट केलं तिचं?"

शेवटी बसम्मानं शाळेतल्या आवाजात "सोड!" म्हटलं. त्या आवाजापुढे सदतीस वर्षांत कुणी काही धरून ठेवू शकलं नव्हतं. उत्तरेश्वरनं हात सोडले, पतंग फडफडत वर गेला, आणि शिवांजली पाण्यावरून सरसर निघाली.

बसम्मा बघतच राहिली. पोरगी फळीवर मागे रेलून, पाण्याचा फवारा उडवत तलावाच्या मध्यापर्यंत गेली, वळली, आणि परत येताना एक जोराचा झोत आला तशी फळीसकट उचलली गेली, माणूसभर उंच. कडूबाईच्या शेळ्या पांगल्या. पोरगी धप्पकन पाण्यात पडली, वर आली, हसत होती. पुन्हा निघाली. मग एकदम वारं गळालं. पतंग मेलेल्या पाखरासारखा खाली आला आणि तिला अर्ध्या तलावातून पोहत, पतंग ओढत यावं लागलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ती काठावर उताणी पडून धापा टाकत म्हणाली, "समुद्रावर वारं सरळ येतं. इथलं काही कळतच नाही, आबा! मध्येच थांबतं आणि मग थोबाडीत मारल्यासारखं येतं."

"टेकडीमागून येतंय ते," कडूबाई शेळी हाकत म्हणाली. "मदल्या पंख्याकडं बघावं. त्यो दमला, की समजायचं आता झपाटा येतोय. मी तवाच पदर खोवते."

कुणी लक्ष दिलं नाही. बसम्मानं दिलं. तिनं मधल्या पवनचक्कीकडे बघितलं. पाती मंदावली, आणि दहा अंक मोजायच्या आत आलेल्या झपाट्यानं तिच्या कानाचा मफलर उडवून नेला. खालच्या वर्गाला पाढे शिकवावेत तसं तिनं हे चार वेळा तपासून बघितलं. चारही वेळा बरोबर आलं.

*

"आता लहान पतंग काढ," वैजिनाथअप्पा म्हणाले. "आम्ही बी जरा बघतो."

बसम्मानं पदर खोचला. ती एक पाऊल पुढे झाली.

"बसे, तू मागं हो," अप्पा म्हणाले.

लहान पतंग काठावरच, जमिनीवर उभं राहून शिकायचा होता. शिवांजलीनं त्यांच्या कमरेला पट्टा बांधला. धोतरावर तो पट्टा असा बसला, की मागून बघणाऱ्याला ते बैलगाडीला जुंपून घ्यायला निघालेत असं वाटावं. डोक्यावर हेल्मेट आलं. टोपी काढायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून हेल्मेट टोपीवर बसलं. "आबा, नीट ऐका," ती म्हणाली. "ही दांडी अंगाकडे ओढली की ओढ वाढते. लांब सोडली की कमी होते. घाबरलात तर ओढू नका, दांडी सरळ सोडून द्या. आणि पट्ट्याला मागे ही मूठ आहे. ती कुणीतरी मागून धरून ठेवायची, म्हणजे माणूस पुढे ओढला जात नाही."

"बसम्मा धरील," अप्पा म्हणाले. "तिला सवय हाय."

पन्नासेक वर्षांनी बसम्मा पुन्हा अण्णाच्या पाठीमागे उभी राहिली. ठिगळ नव्हतं एवढाच फरक. पाठ तीच होती, आणि आभाळ पाठीपलीकडेच होतं.

पतंग वर गेला. सुरुवातीला ठीक होतं. अप्पा मान मागे टाकून म्हणाले, "बघ, हात विसरत नसतो!" तेवढ्यात मधला पंखा दमला.

"अण्णा, दांडी सोड! झपाटा येतोय!"

पण जन्मभर पेच लावलेल्या माणसाला दोरा ताणला गेला की एकच गोष्ट सुचते. अप्पांनी दांडी छातीशी ओढली. पतंगानं हिसका दिला. अप्पांचे पाय निघाले.

"ढील दे!" ते ओरडले. "बसे, ढील दे!"

"अण्णा, ढील तुझ्याच हातात हाय!"

"दे म्हणतो ना ढील!"

आता सचिवांनी अध्यक्षांचा हुकूम किती वेळा मोडायचा? बसम्माकडे ढील म्हणून देण्यासारखं एकच होतं, ती म्हणजे पट्ट्याची मूठ. तिनं सोडली.

वैजिनाथअप्पा निघाले. पहिली दहा पावलं ते पळाले, पुढची दहा नुसते पाय हलवत होते, आणि त्यानंतर चिखल लागला तेव्हा तेही लागत नव्हतं. कडूबाईच्या शेळ्यांनी दोन्ही बाजूंना वाट करून दिली. अप्पांनी दांडी कधीच सोडली नसती, पण पाणी मांडीला लागलं आणि धोतर सुटायला लागलं. दोन्हींपैकी एकच धरता येत होतं. अप्पांनी धोतर धरलं. अब्रूनं त्यांचा जीव वाचवला. पतंग निमूटपणे पाण्यावर येऊन बसला आणि अप्पा त्याच्याशेजारी, कमरेइतक्या पाण्यात.

त्यांनी हेल्मेट काढलं तर आतली टोपीही निघाली, वाऱ्यावर पाण्यात गेली, थोडं तरंगली आणि बुडाली.

"मी मुद्दाम पाण्यात गेलतो," ते काठावर आल्यावर म्हणाले. "खोलीचा अंदाज घेत होतो."

उत्तरेश्वरनं त्यांना टॉवेल दिला आणि तोंड फिरवून हसला. शिवांजलीनं गुडघ्याला खरचटलेलं बघितलं आणि साखराबाईंची हळद कामी आली.

बसम्मा मात्र पट्टा उचलून पुढे आली. "शिवांजली, बांध मला."

"आत्याआजी, नको गं! आबांचं बघितलंस ना?"

"डोकं फिरलं का तुझं?" अप्पा टॉवेलातून म्हणाले. "वय काय तुझं, बसे?"

"अडुसष्ट," बसम्मा म्हणाली. "मोठी झालीस की देतो म्हणालतास, अण्णा. अजून किती मोठी होऊ?"

अप्पांनी टॉवेल खाली घेतला. "कवा म्हणालतो मी?"

"करीच्या दिवशी. दत्तूशेटच्या गच्चीवर. निळा पतंग होता, त्याला लाल शेपूट होतं, आणि तुझा सदरा ह्या इथं फाटलेला होता." तिनं त्यांच्या उजव्या खांद्याखाली बोट ठेवलं.

वैजिनाथअप्पांनी पाण्याकडे बघितलं. जिथे टोपी बुडाली होती तिथे आता काहीच नव्हतं. मग ते उठले, धोतर नीट खोचलं, आणि पट्टा शिवांजलीच्या हातून घेऊन स्वतः बहिणीच्या कमरेला बांधला. नऊवारी लुगडं असल्यामुळे तो त्यांच्यापेक्षा तिला चांगला बसला. मग ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी मूठ धरली.

"सोडायची न्हाई हं," बसम्मा म्हणाली.

"न्हाई सोडत."

पतंग वर गेला. बसम्माच्या हातात पहिल्यांदा ती ओढ आली. तिला वाटलं होतं जोराची असेल. जोराची होतीच, पण त्यात काहीतरी ओळखीचंही होतं. नव्या पोरीला हाताला धरून शाळेत आणताना ती मागे ओढते आणि पुढेही येते, तसं. तिनं दांडी अलगद धरली. समोर पाठ नव्हती. नुसतं आभाळ होतं, टेकडीपासून टेकडीपर्यंत.

मधला पंखा दमला. बसम्मानं दांडी हळूच लांब सोडली. झपाटा आला, पतंग जरा थरथरला आणि जागेवर राहिला. तिनं पुन्हा दांडी जवळ घेतली. पुन्हा पंखा दमला, पुन्हा सोडली. दहा संक्रांती जिनं नुसती ढील दिली, तिला ढील शिकवायची गरज नव्हती.

"आत्याआजी!" शिवांजली ओरडली. "मला हे जमायला आठवडा लागला होता!"

"हं," कडूबाई म्हणाली. ह्या वेळचं 'हं' वेगळं होतं.

*

पाचला विठ्ठलराव रजिस्टर काखेत धरून, दुसऱ्या हातानं डोक्यावरचे केस दाबत आले. त्यांनी वर बघितलं. मूर्ती आभाळात होती.

"हे काय? विसर्जन कुठं झालं?"

"झालं की," उत्तरेश्वर म्हणाला. "अप्पा झाले. पण ते वर आले."

"माणूस चालत न्हाई. पाण्यात जाऊन परत न आलेली वस्तू पायजे."

"टोपी," अप्पा मूठ न सोडता म्हणाले. "पांढरी. एक."

"कशाची?"

"कापडाची."

विठ्ठलरावांनी समाधानानं मान हलवली आणि लिहिलं, 'विसर्जित वस्तू: टोपी एक, पर्यावरणपूरक.' मग रजिस्टर वैजिनाथअप्पांपुढे धरलं. "हितं सही करा, अध्यक्ष."

वैजिनाथअप्पांनी रजिस्टरकडे बघितलं, आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

"अध्यक्ष ती पुढं उभी हाय," ते म्हणाले. "मी चकरीवर हाय."

विठ्ठलराव वळसा घालून पुढे गेले आणि रजिस्टर बसम्मापुढे धरलं. बसम्मा त्याच्यावरून टेकडीकडे बघत होती. मधला पंखा मंद होत होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझे हात गुंतलेत."